विश्लेषण : पाणी उकळले तरी किरणोत्सार का जात नाही? मेरी क्युरी यांच्या संशोधनातून मिळालेले उत्तर आजही का लागू पडते?

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावात पाणी शुद्ध करायचे म्हटले की पहिले उपाय ठरलेले. बोरिंगचे पाणी गढूळ आले तर तुरटी फिरवायची, पावसाळ्यात उकळून, गाळून प्यायचे. जंतू मारण्यासाठी उकळणे चांगलेच. पण पाण्यात युरेनियम किंवा रेडियम विरघळलेले असेल, तर उकळण्याचा काहीच उपयोग होत नाही. उलट वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण थोडे वाढते. फुलचूरच्या पाण्यात असे काही आढळले आहे, असे येथे सुचवायचे नाही. प्रश्न इतकाच, की आगीलाही न जुमानणारी ही गोष्ट पाण्यातून काढायची कशी? त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका गळक्या शेडमध्ये मिळाले. ते शोधणाऱ्या मेरी क्युरी यांना त्याची किंमत स्वतःच्या प्रकृतीने मोजावी लागली.

मेरी क्युरी कोण होत्या?

त्यांचे माहेरचे नाव मारिया स्क्लोडोव्स्का. जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. तेव्हा हा भाग रशियाच्या ताब्यात होता. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक. मारिया दहा वर्षांची असताना आई क्षयरोगाने गेली. शाळेत त्या हुशार होत्या, पण वॉर्सा विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून त्या लपूनछपून चालणाऱ्या वर्गांत शिकल्या.

थोरली बहीण ब्रोन्या हिला पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचे होते. दोघींनी आपसात ठरवले, की आधी मारियाने नोकरी करून ब्रोन्याला पैसे पाठवायचे, नंतर ब्रोन्याने मारियाला हातभार लावायचा. त्यानुसार मारियाने काही वर्षे श्रीमंत कुटुंबांत राहून त्यांची मुले शिकवली. १८९१ मध्ये त्या पॅरिसला पोहोचल्या. सॉरबॉन विद्यापीठात १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि पुढच्या वर्षी गणितात दुसऱ्या. १८९५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पिएर क्युरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

किरणोत्सार अणूतच असतो, हे कसे कळले?

१८९६ मध्ये हेन्री बेक्वेरेल यांना दिसले, की युरेनियमच्या क्षारांतून आपोआप अदृश्य किरण बाहेर पडतात. मेरी यांनी डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला. किरणांमुळे हवेतून अगदी क्षीण वीज वाहते. ती मोजण्याचे नाजूक उपकरण पिएर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी आधीच तयार केले होते. मेरी यांनी त्याने एकेक पदार्थ तपासला.

त्यांना एक साधी पण फार मोठी गोष्ट आढळली. युरेनियम कोरडे असो वा ओले, गरम असो वा थंड, कुठल्याही दुसऱ्या पदार्थाशी संयोग झालेले असो, किरणांची तीव्रता फक्त युरेनियम किती आहे यावर ठरते. याचा अर्थ हा गुण रासायनिक संयोगातून येत नाही, तो थेट अणूचा आहे. या गुणाला रेडिओॲक्टिव्हिटी हे नाव त्यांनीच दिले.

पाणी उकळून किरणोत्सार का जात नाही, याचे उत्तर यातच आहे. उष्णता, आम्ल, क्लोरीन किंवा अतिनील किरण अणूच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे किरणोत्सारी अणू रसायनांनी नष्ट करता येत नाही. तो फक्त वेगळा काढता येतो.

चिमूटभर रेडियम कसे निघाले?

पिचब्लेंड हे युरेनियमचे खनिज शुद्ध युरेनियमपेक्षाही जास्त किरणोत्सारी निघाले. त्यात आणखी काहीतरी दडलेले असणार, हे उघड होते. क्युरी दाम्पत्याने जुलै १८९८ मध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम या नव्या मूलद्रव्यांची घोषणा केली. पण रसायनशास्त्रज्ञांना पदार्थ हातात हवा होता.

त्यासाठी बोहेमियातील योआखिमस्थाल येथील खाणीतून युरेनियम काढून घेतल्यानंतर उरलेला गाळ त्यांनी मागवला. काम करायला जागा मिळाली ती पूर्वी शवविच्छेदनासाठी वापरली जाणारी एक शेड. छत गळत असे, उन्हाळ्यात उकाडा आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. मेरी एका वेळी २० किलोपर्यंत गाळ घेत, तो उकळत आणि जवळपास स्वतःच्या उंचीच्या लोखंडी सळईने तासन्‌तास ढवळत.

धान भरडले की तांदूळ आणि कोंडा डोळ्यांना वेगळे दिसतात. येथे मात्र जे काढायचे ते दिसतच नव्हते. मेरी यांनी बेरियमचा आधार घेतला. रेडियम आणि बेरियम रासायनिकदृष्ट्या भावंडे आहेत. सल्फेटच्या रूपात बेरियमचा साका खाली बसला की रेडियमही त्याच्याबरोबर बसते. मग या दोघांना वेगळे करण्यासाठी त्यांचे क्लोराइड करून पुन्हा पुन्हा स्फटिक तयार करायचे. स्फटिकांत रेडियमचे प्रमाण दर वेळी थोडे वाढत जाते. १९०२ पर्यंत काही टन गाळातून एका ग्रॅमचा सुमारे दहावा भाग इतके रेडियम क्लोराइड हाती आले.

सन्मान मिळाला, मग अडचण काय होती?

१९०३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल बेक्वेरेल आणि क्युरी दाम्पत्याला मिळाले. सुरुवातीला मेरी यांचे नाव त्यात नव्हते. स्वीडनमधील एका गणितज्ञाने पिएर यांना कळवल्यावर त्यांनी आग्रह धरला आणि नाव घातले गेले. रेडियम काढण्याच्या पद्धतीचे पेटंट दोघांनी घेतले नाही.

एप्रिल १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा मृत्यू झाला. दोन लहान मुली, इरेन आणि एव्ह, मेरी यांच्या पदरात होत्या. पिएर यांच्या जागेवर त्या सॉरबॉनमध्ये शिकवू लागल्या आणि पुढे तेथील पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. १९१० मध्ये आंद्रे देबिएर्न यांच्यासह त्यांनी रेडियम धातुरूपात वेगळे केले. १९११ च्या आरंभी फ्रेंच विज्ञान अकादमीने थोड्या मतांनी त्यांना नाकारले. त्याच वर्षी त्यांच्या खासगी आयुष्यावरून वृत्तपत्रांनी गदारोळ उठवला. नोबेल घेण्यासाठी येऊ नये, असेही त्यांना सुचवण्यात आले. तरीही त्या स्टॉकहोमला गेल्या आणि रसायनशास्त्राचे नोबेल स्वीकारले. दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल मिळवणारी दुसरी व्यक्ती आजवर झालेली नाही.

रेडियमचे पाणी खरेच विकले जात होते का?

होय. रेडियममुळे कर्करोगाच्या गाठी जळतात हे दिसल्यावर ते सर्व रोगांवरचे औषध असल्याचा बाजार सुरू झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत रेडिथॉर नावाने रेडियम घातलेले पाणी शक्तिवर्धक म्हणून बाटल्यांत विकले जात होते. ते नियमित पिणारे उद्योजक एबन बायर्स यांच्या जबड्याची हाडे झिजली आणि १९३२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, हे त्याचे कारण.

स्वतः मेरी वर्षानुवर्षे उघड्या हातांनी हे पदार्थ हाताळत होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी क्ष-किरण यंत्रे बसवलेल्या गाड्या आघाडीवर नेल्या, त्याही पुरेशा संरक्षणाविना. ४ जुलै १९३४ रोजी फ्रान्समध्ये आल्प्सच्या परिसरातील एका आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे थांबले होते.

आज पाण्यातून हे पदार्थ कसे काढतात?

मेरी यांनी रेडियम गोळा करण्यासाठी वापरलेली युक्ती आज ते पाण्यातून घालवण्यासाठी वापरली जाते. झारखंडमधील जादुगुडा येथे देशातील पहिल्या युरेनियम खाणीच्या सांडपाण्यात बेरियम क्लोराइड घालतात. बेरियम सल्फेटचा साका बसतो आणि रेडियमला सोबत घेऊन जातो.

इतर पदार्थांसाठी वेगळे मार्ग आहेत. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातील रेझिन कॅल्शियमप्रमाणेच रेडियमही धरून ठेवते. भूजलातील युरेनियम बहुधा कार्बोनेटशी जोडलेले आणि ऋणभारित असते, त्यामुळे त्यासाठी वेगळ्या प्रकारचे रेझिन लागते. रेडॉन हा वायू असल्याने पाण्यात हवा खेळवली की निघून जातो. सिझियमसाठी झिओलाइट हे खनिज वापरतात. ट्रिटियम मात्र हायड्रोजनचेच रूप असल्याने पाण्याच्या रेणूचा भाग बनते. म्हणून जपानमध्ये फुकुशिमाच्या पाण्यातून बहुतेक किरणोत्सारी पदार्थ काढता आले, पण ट्रिटियम राहिले आणि ते पाणी ऑगस्ट २०२३ पासून पातळ करून समुद्रात सोडले जाऊ लागले.

सामान्य नागरिकांनी काय लक्षात ठेवावे?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात युरेनियम लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. या पातळीला मुख्य चिंता किरणांपेक्षा मूत्रपिंडावरील रासायनिक परिणामाची असते. रंग, वास, चव यावरून ते ओळखता येत नाही, तपासणीच लागते. नेहमीच्या पाणी तपासणीत युरेनियम असेलच असे नाही. त्यामुळे नमुना देताना प्रयोगशाळेत तसे विचारून घ्यावे. कँडल फिल्टर आणि अतिनील दिवा यांचा येथे उपयोग नाही. आरओ युरेनियम आणि रेडियम बऱ्याच प्रमाणात अडवते, पण अडवलेले सगळे टाकाऊ पाण्यात जाते. ते पिण्यासाठी वा स्वयंपाकासाठी वापरू नये.

पाण्यातून काढलेला पदार्थ संपत नाही, तो साक्यात, रेझिनमध्ये किंवा टाकाऊ पाण्यात उरतो. म्हणून शुद्धीकरणाचा कोणताही प्रकल्प आला की काढलेले पदार्थ ठेवणार कुठे, हा प्रश्न विचारायलाच हवा. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. मेरी क्युरी यांनी १९०२ मध्ये वेगळ्या केलेल्या रेडियमपैकी जवळपास ९५ टक्के अणू आजही शिल्लक असणार. त्यांच्या वह्या म्हणूनच अजूनही शिशाचे अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवाव्या लागतात.