साल्व्हादोर सांचेझ : अल्पायुषी जगज्जेता
(द्वितीय वर्ष, कला)

मेक्सिकोचा आजवरचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, या प्रश्नावर त्या देशात कधी एकमत झालेले नाही. बहुतेक जण हुलिओ सेसार चावेझचे नाव घेतात आणि ते साहजिकच आहे. १९८० साली व्यावसायिक रिंगणात उतरलेला हा गडी १९९४ च्या जानेवारीपर्यंत एकही लढत हरला नव्हता. १९९३ साली मेक्सिको शहरातील आस्तेका स्टेडियममध्ये त्याची लढत पाहायला १,३२,००० हून अधिक माणसे जमली होती. जुनी माणसे रुबेन ओलिव्हारेसचा कैवार घेतात. कोणी व्हिसेन्ते साल्दिव्हारचे नाव काढतो. रिकार्दो लोपेझ तर एकदाही न हरता निवृत्त झाला. पण साल्व्हादोर सांचेझचे नाव निघाले की या वादाला निराळेच वळण लागते. बाकीच्यांची कारकीर्द पूर्ण झाली. सांचेझ मात्र वयाच्या २३ व्या वर्षी गेला. मग त्याला मोजायचे कसे? जे केले त्यावरून, की जे तो करू शकला असता त्यावरून?

सांचेझचा जन्म २६ जानेवारी १९५९ चा, म्हणजे आपल्या प्रजासत्ताक दिनाचा. (हा योगायोग कळल्यापासून त्याची जन्मतारीख मी कधी विसरलो नाही.) गाव सान्तियागो त्यांगिस्तेन्को. मेक्सिको राज्यात तोलुका शहराच्या बाजूला हे गाव आहे आणि ते समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. तेथील हवा विरळ. पुढे सांचेझच्या दमाविषयी जे बोलले गेले त्याचे थोडे श्रेय या उंचीला द्यावे, असे मला वाटते. १९७५ साली, वयाच्या १६ व्या वर्षी, तो व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. त्या वयात आपल्याकडची मुले दहावीच्या परीक्षेला बसतात.

कुस्तीप्रमाणेच मुष्टियुद्धातही वजनाचे गट असतात. सांचेझ आरंभी ११८ पौंडांच्या, म्हणजे बँटमवेट गटात लढे. सप्टेंबर १९७७ मध्ये माझात्लान येथे या गटाच्या रिकाम्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी त्याची गाठ आंतोनियो बेसेराशी पडली आणि पंचांच्या दुभंगलेल्या कौलाने तो हरला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पुढे तो १२६ पौंडांच्या फेदरवेट गटात गेला. १९७८ साली लॉस एंजेलिस येथे एक लढत बरोबरीत सुटली. ती एक हार आणि ही एक बरोबरी, एवढे दोनच डाग त्याच्या नावावर आहेत. एकूण ४६ लढतींपैकी बाकीच्या ४४ त्याने जिंकल्या आणि त्यांतील ३२ प्रतिस्पर्ध्याला बाद करून.

२ फेब्रुवारी १९८० हा त्याच्या भाग्याचा दिवस. अमेरिकेतील फिनिक्स शहरात जागतिक मुष्टियुद्ध परिषदेचा फेदरवेट जगज्जेता डॅनी लोपेझ त्याच्यासमोर होता. लोपेझने १९७६ साली घानाच्या राजधानीत, अक्रा येथे जाऊन हे पद जिंकले होते आणि आठ वेळा राखले होते. ठोसे खात पुढे यायचे, प्रसंगी खाली पडून पुन्हा उठायचे आणि एकाच जबर ठोशाने लढत संपवायची, ही त्याची रीत. सांचेझने त्याला पुढे येऊ दिले. स्वतः मागे सरकता सरकता, प्रतिस्पर्ध्याचा ठोसा निघाला की त्याच क्षणी आपला ठोसा मारायचा, हे त्याचे तंत्र. लोपेझ पुढे येत राहिला, मार खात राहिला आणि १३ व्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. वयाची २१ वर्षे पूर्ण होऊन एकच आठवडा झाला होता आणि सांचेझ जगज्जेता झाला होता! त्याच वर्षी जूनमध्ये लास व्हेगास येथे दोघे पुन्हा भेटले. या वेळी लढत १४ व्या फेरीत थांबली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत पुष्कळांचे हात चालतात; शेवटच्या तीन फेऱ्यांत पाय जड होतात, हात खाली येतात. सांचेझचे खरे काम तेथे सुरू होई. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगास येथील एका लढतीत १४ व्या फेरीत मार लागून किम दुक-कू हा कोरियन मुष्टियोद्धा मरण पावला आणि त्यानंतर परिषदेने फेऱ्या १२ वर आणल्या. नियम बदलला हे चांगलेच झाले. परंतु सांचेझचे सामर्थ्य ज्या फेऱ्यांत दिसे, त्या फेऱ्याच आता उरलेल्या नाहीत.

आता गोमेझची लढत. पोर्तो रिकोचा विल्फ्रेदो गोमेझ हा खालच्या, १२२ पौंडांच्या गटाचा जगज्जेता होता. ३३ लढतींत त्याच्या नावावर एक बरोबरी होती आणि उरलेल्या ३२ ही लढतींत त्याने समोरच्याला बाद केले होते. १९७८ साली मेक्सिकोचा लाडका कार्लोस झाराते त्याच्याकडून पाच फेऱ्यांत हरला होता आणि ते शल्य मेक्सिकन लोकांच्या मनात होते. शिवाय गोमेझ तोंडाळ. सांचेझला आपण लोळवणार, हे तो लढतीपूर्वी सगळीकडे सांगत फिरला. सांचेझ फारसे बोलला नाही. २१ ऑगस्ट १९८१ ला लास व्हेगास येथे घंटा वाजली आणि पहिल्याच फेरीत गोमेझ जमिनीवर होता. तो उठला, आणि मान्य केले पाहिजे की नंतर तो शौर्याने लढला. काही फेऱ्यांत त्याने सांचेझला चांगलेच ठोसे दिले. पण त्याच्या गालाचे हाड मोडले होते, डोळे सुजून मिटत चालले होते. आठव्या फेरीत पंच मध्ये पडले. ज्याच्यापुढे कोणी टिकत नव्हते तो स्वतःच टिकला नाही. ‘द रिंग’ या प्रसिद्ध मासिकाने त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्धा म्हणून शुगर रे लेनर्डबरोबर सांचेझचीही निवड केली.

सांचेझच्या सगळ्याच लढती अशा झाल्या नाहीत. जगज्जेतेपदाच्या त्याच्या दहा लढतींपैकी पाच शेवटपर्यंत चालल्या आणि गुणांवर सुटल्या. डिसेंबर १९८१ मध्ये ह्यूस्टन येथे इंग्लंडच्या पॅट कॉवडेलने त्याला इतके झुंजवले की तीन पंचांपैकी एकाने कौल कॉवडेलच्या बाजूने दिला. शेवटच्या फेरीत सांचेझने त्याला खाली पाडले होते, तरीही! सांचेझचे भक्त ही लढत सांगायची टाळतात. टाळू नये. प्रतिस्पर्धी भारी वाटला तर सांचेझ पेटे. तसा वाटला नाही तर तो जेवढ्यास तेवढे करी.

२१ जुलै १९८२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये असेच काहीसे होणार होते. ठरलेला प्रतिस्पर्धी जायबंदी झाला आणि ऐन वेळी घानाच्या एका तरुणाला उभे करण्यात आले. अक्रा येथील अझुमा नेल्सन. व्यावसायिक लढती अवघ्या १३, अमेरिकेत फारसे कोणी ओळखत नाही. लोकांना वाटले, जगज्जेत्याची ही सुट्टीच. प्रत्यक्षात नेल्सन एक पाऊलही मागे हटेना. सातव्या फेरीत खाली पडूनही तो उठला आणि पुन्हा अंगावर गेला. लढत शेवटच्या, १५ व्या फेरीपर्यंत गेली आणि त्या फेरीत सांचेझने दमाची शिल्लक बाहेर काढली. नेल्सन पुन्हा पडला, उठला, पण पंचांनी लढत थांबवली. पहिल्या लोपेझला १३ व्या फेरीत, दुसऱ्या वेळी १४ व्या आणि नेल्सनला १५ व्या फेरीत!

ही त्याची शेवटची लढत. पुढची सप्टेंबरात हुआन लापोर्तशी ठरली होती. त्याला सांचेझने १९८० साली गुणांवर हरवले होते. तिच्या सरावासाठी तो केरेतारोच्या परिसरात राहिला होता. १२ ऑगस्ट १९८२ च्या पहाटे सान लुईस पोतोसीच्या महामार्गावर त्याची पोर्शे मोटार ट्रकवर आदळली आणि तो जागीच गेला. नेल्सनच्या लढतीला २२ दिवस झाले होते. मागे पत्नी आणि दोन लहान मुले.

मुष्टियुद्ध सोडल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर व्हायचे त्याच्या मनात होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून असेल कदाचित, पण त्याच्या पट्ट्यापेक्षा ही इच्छाच माझ्या मनात अधिक रेंगाळते. जगज्जेता झालेल्या माणसालाही पुन्हा वर्गात जाऊन बसावेसे वाटत होते.

आता त्या वादाकडे वळू. सांचेझ जगता तर चावेझशी भिडला असता, असे पुष्कळ म्हणतात. दोघांच्या वयात साडेतीनच वर्षांचे अंतर, आणि १९८४ साली चावेझ जगज्जेता झाला तो सांचेझच्या लगतच्या वरच्या गटात. पण न झालेल्या लढतीचे गुण देणारा पंच अजून जन्मायचा आहे. तेव्हा तो हिशेब मी सोडून देतो. त्याऐवजी सांचेझच्या मागे त्या पट्ट्याचे काय झाले ते पाहावे. सप्टेंबर १९८२ मध्ये रिकामे पद लापोर्तने जिंकले. मार्च १९८४ मध्ये लापोर्तला हरवून ते गोमेझने घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात गोमेझला त्याच्याच गावी, सान हुआन येथे, ११ व्या फेरीत बाद करून नेल्सनने ते नेले आणि पुढे कित्येक वर्षे कोणाला दिले नाही. लापोर्त, गोमेझ, नेल्सन हे तिघेही ओळीने जगज्जेते झाले, आणि तिघांनाही सांचेझने आधीच हरवून ठेवले होते.