सादी कार्नो

निकोला लिओनार सादी कार्नो (१ जून १७९६ – २४ ऑगस्ट १८३२) हे फ्रेंच लष्करी अभियंते व भौतिकशास्त्रज्ञ होते. उष्णतेपासून जास्तीत जास्त किती यांत्रिक कार्य मिळू शकते, या प्रश्नाचे पहिले तत्त्वशुद्ध उत्तर त्यांनी दिले. त्यांना ऊष्मागतिकीचे जनक मानले जाते.

जीवन

कार्नो यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील लाझार हे गणितज्ञ व फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील सैन्याचे संघटक होते. मुलाचे नाव त्यांनी फारसी कवी सादी यांच्यावरून ठेवले. १८१२ मध्ये सादी यांनी एकोल पॉलितेक्निक या संस्थेत प्रवेश घेतला. नेपोलियनच्या पाडावानंतर लाझार यांना देश सोडावा लागला. पुढे सादी निम्म्या वेतनावर रजा घेऊन पॅरिसमध्ये अभ्यासात रमले.

संशोधन

१८२४ मध्ये त्यांनी अग्नीच्या प्रेरक शक्तीवरील ग्रंथ स्वखर्चाने प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एका आदर्श, व्युत्क्रमी इंजिनाची कल्पना मांडली. अशा इंजिनाची कार्यक्षमता केवळ उष्ण व शीत साठ्यांच्या तापमानांवर अवलंबून असते. आत वाफ आहे की हवा, याने फरक पडत नाही. उष्णता हा एक द्रव आहे, या तत्कालीन चुकीच्या समजुतीवर ही मांडणी आधारलेली होती. तरीही तिचा मुख्य निष्कर्ष टिकून राहिला.

निधन व वारसा

वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी पटकीने त्यांचे निधन झाले. संसर्गाच्या भीतीने त्यांची बरीच कागदपत्रे नष्ट करण्यात आली. हयातीत ग्रंथाची फारशी दखल घेतली गेली नव्हती. १८३४ मध्ये एमिल क्लापेरों यांनी तो पुढे आणला. नंतर केल्विन व क्लॉसियस यांनी त्यावरून ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सिद्ध केला. बंधू इपोलीत यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उरलेल्या टिपणांवरून, कार्नो यांनी उष्णता-द्रवाची कल्पना स्वतःच सोडली होती, हे उघड झाले.

अतिशीत अणू व कार्नो मर्यादा

अतिशीत अणुवायूंवर चालणाऱ्या पुंज उष्णता-इंजिनांची कार्यक्षमताही कार्नो मर्यादेशी ताडून पाहिली जाते. २०२३ मध्ये जर्मनीतील कायझर्सलाउटर्न येथील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात लिथियम अणूंचा वायू निरपेक्ष शून्याजवळ नेऊन, चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने त्याचे वर्तन बोसॉनांसारखे व फर्मिऑनांसारखे आलटून पालटून बदलण्यात आले. बोसॉन हे नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडले आहे. या इंजिनात कार्य तापमानांतील फरकातून नव्हे, तर या बदलातून मिळते. म्हणून कार्नो मर्यादा त्याला त्याच रूपात लागू होत नाही. मात्र दुसऱ्या नियमाचा भंगही होत नाही.