पंचाला स्वतःचं मत असलं तर?

कॉलेजात डिबेट ठरली की विषयावरून फारसं भांडण होत नाही. भांडण होतं मॉडरेटरवरून. अमके सर नको, ते तर त्या पक्षाचे. तमकी सीनियर नको, तिच्या इन्स्टाच्या स्टोऱ्या पाहिल्या नाहीत काय? शेवटी असा कोणीतरी शोधला जातो, ज्याला राजकारणातलं काही घेणंदेणं नाही. मग तो बिचारा वक्ता विषय सोडून कुठल्या कुठे गेला तरी थांबवत नाही, कारण विषय कुठे सुटला हेच त्याला कळत नाही. टीव्हीवर तर अँकर कोणत्या बाजूचा आहे हे चॅनल लावायच्या आधीच घरात सगळ्यांना माहीत असतं.

प्रश्न साधा आहे. ज्याची राजकीय मतं जगजाहीर आहेत, तो माणूस वादात दोन्ही बाजूंना सारखं वागवू शकतो काय? या प्रश्नासोबत आख्खं आयुष्य काढलेला एक मराठी माणूस होऊन गेला. गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी ते एका मार्काचं उत्तर आहे. पण त्यांची गोष्ट त्या एका मार्कापेक्षा बरीच मोठी आहे.

मावळंग्याचे, पण अहमदाबादचे

मावळणकरांचं घराणं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वरकडच्या मावळंग्याचं. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ ला बडोद्याला झाला. सुरुवातीचं शिक्षण राजापूर आणि मुंबई प्रांतातल्या इतर गावांत झालं. १९०२ मध्ये ते शिकायला अहमदाबादला गेले आणि तिथलेच होऊन गेले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये पदवी घेतली, मुंबईला कायदा शिकले आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली सुरू केली. लोक त्यांना दादासाहेब म्हणायचे.

वकिली चांगली चालली असती. पण त्याच काळात अहमदाबादेत गांधीजी आले होते आणि वल्लभभाई पटेल शहराच्या कामात उतरत होते. मावळणकर १९१८ च्या खेडा सत्याग्रहात होते. १९२१ मध्ये असहकार चळवळीत त्यांनी वकिली थांबवली आणि गुजरात प्रांतिक काँग्रेसचे सचिव झाले. मधे काही काळ स्वराज पक्षात गेले, १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाला परत गांधीजींच्या मागे आले. अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. तीसच्या आणि चाळीसच्या दशकांतल्या चळवळींत त्यांनी तुरुंगात वर्षं काढली. तिथे भेटलेल्या कैद्यांच्या अनुभवांवर त्यांनी गुजरातीत एक पुस्तकही लिहिलं.

म्हणजे हा माणूस कुंपणावर बसलेला नव्हता. पक्का काँग्रेसवाला, पक्का गांधीवादी. हे मित्रांना माहीत होतं आणि विरोधकांनाही. आणि १९३७ मध्ये याच माणसाला मुंबई विधानसभेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं गेलं.

समोर बाबासाहेब

बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेत होतं आणि विरोधी बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. खोती पद्धत रद्द करण्याचं बाबासाहेबांचं विधेयक १९३७ मध्ये याच सभागृहात आलं. कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधनं आणणाऱ्या सरकारी विधेयकाला १९३८ मध्ये त्यांनी इथेच विरोध केला. समोर असा अभ्यासू विरोधक आणि सत्तेत आपलेच लोक. अशा सभागृहात अध्यक्षाला सूट द्यायची कुणाला आणि थांबवायचं कुणाला, याची रोज परीक्षा असते.

या खुर्चीची एक अडचण आपल्या देशात त्याआधीच दिसली होती. विठ्ठलभाई पटेल, म्हणजे वल्लभभाईंचे थोरले भाऊ, १९२५ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. दोनच मतांनी, ५८ विरुद्ध ५६. निवड होताच त्यांनी स्वराज पक्ष सोडला. १९२८ मध्ये इंग्रज सरकारच्या पब्लिक सेफ्टी विधेयकावर ६१-६१ अशी बरोबरी झाली आणि विठ्ठलभाईंनी आपलं निर्णायक मत विधेयकाविरुद्ध टाकलं. पक्ष तर सोडला होता, पण डोक्यातली मतं कुठे जाणार? सरकारच्या नजरेत ते शेवटपर्यंत दुसऱ्या बाजूचेच राहिले.

मावळणकरांनी वेगळी वाट घेतली. पक्ष सोडल्याचं नाटक त्यांना पटत नव्हतं. अध्यक्षाने पक्षात राहावं, पण पक्षाच्या भांडणांपासून लांब राहावं आणि सभागृहात पक्ष विसरावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यामागे व्यवहारही होता. इंग्लंडमध्ये अध्यक्ष पक्ष सोडतो, पण पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्या विरोधात उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे तशी प्रथा नाही. तिकीट पक्षाकडून घ्यायचं आणि निवडून आल्यावर पक्षाला ओळखत नाही म्हणायचं, हे खरं कसं वाटणार?

तीन मतांनी अध्यक्ष

जानेवारी १९४६ मध्ये काँग्रेसने मावळणकरांना केंद्रीय कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभं केलं. समोर होते सर कावसजी जहांगीर. निकाल लागला ६६ विरुद्ध ६३. तीन मतं कमी-जास्त झाली असती तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा असता. जवळपास अर्धं सभागृह ज्याच्या विरोधात आहे, त्या माणसाने त्याच सभागृहात रोज शिस्त ठेवायची होती.

देश स्वतंत्र झाल्यावर संविधान सभा कायदेमंडळ म्हणून बसायची, तेव्हाही तेच अध्यक्ष होते. पुढे हंगामी संसदेचेही. मग पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ ला लोकसभेने अध्यक्ष निवडला. या वेळीही बिनविरोध झालं नाही. विरोधकांनी उभं केलं शेतकरी कामगार पक्षाचे सोलापूरचे खासदार शंकरराव मोरे यांना. दिल्लीतल्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांत झाली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मावळणकरांच्या बाजूने ३९४ आणि विरोधात ५५ मतं पडली.

आपल्याच सरकारला पत्र

आता खरी कसोटी. सत्तेत नेहरू, सभागृहात काँग्रेसचं प्रचंड बहुमत, खुर्चीत काँग्रेसचे मावळणकर. सरकारला सोयीचं वागणं किती सोपं होतं बघा.

सरकार तेव्हा वारंवार अध्यादेश काढत होतं. म्हणजे संसद बसलेली नसताना थेट राष्ट्रपतींच्या सहीने कायदा, संसदेची मंजुरी नंतर. मावळणकरांनी १९५० मध्ये लेखी आक्षेप घेतला आणि १९५४ मध्ये नेहरूंना पुन्हा लिहिलं. म्हणणं असं की ही पद्धत मुळातच लोकशाहीच्या विरुद्ध जाते. अगदी तातडीची गरज असेल तरच ती वापरावी, नाहीतर संसद नुसती शिक्का मारणारी होईल. ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आले, त्याच पक्षाच्या पंतप्रधानाला हे सांगितलं.

दुसरं काम कमी गाजलं, पण जास्त टिकलं. ते नियमांचं. मंत्री सभागृहात सहज सांगून टाकतात की बघतो, करतो, माहिती देतो, आणि नंतर विसरतात. अशा प्रत्येक आश्वासनाचा हिशेब ठेवणारी आश्वासन समिती १९५३ मध्ये मावळणकरांच्याच काळात आली. कायद्याच्या आडून सरकार जे बारीक नियम करतं, ते तपासणारी समितीही त्यांच्याच काळातली. कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा हे ठरवणारी कामकाज सल्लागार समितीही. प्रश्नोत्तराचा तास पक्का झाला, अर्ध्या तासाची चर्चा आली. या सगळ्याचा फायदा कुणाला जास्त? सरकारला नाही. प्रश्न विचारणाऱ्याला.

तरीही अविश्वास

इथपर्यंत वाचून मावळणकर एकदम देवमाणूस वाटतील. पण १८ डिसेंबर १९५४ ची गोष्ट सोडून चालणार नाही. त्या दिवशी विरोधी बाकावरचे विघ्नेश्वर मिसीर यांनी अध्यक्षांनाच पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. आरोप सरळ होता, अध्यक्ष निःपक्षपाती राहिलेले नाहीत. विरोधकांचे स्थगन प्रस्ताव ते नाकारतात, हा राग मोठा होता. स्थगन प्रस्ताव म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून एखाद्या तातडीच्या विषयावर चर्चेची मागणी.

मावळणकरांचं तर्कशास्त्र असं होतं. इंग्रजांचं सरकार सभागृहाला उत्तरदायी नव्हतं, तेव्हा सरकारला जाब विचारायला स्थगन प्रस्ताव हेच हत्यार होतं. आता सरकार लोकांचं आहे, जाब विचारायला बाकीचे भरपूर मार्ग आहेत, त्यामुळे हे हत्यार क्वचितच काढावं. वाचायला हे पटतं. पण विरोधी बाकावर बसून बघा. सरकार तुमच्या पक्षाचं झाल्याबरोबर आमचं हत्यार म्यान? अध्यक्ष प्रामाणिक असतीलही, पण त्यांच्या प्रामाणिक नियमाचा फायदा दर वेळी एकाच बाजूला होत होता.

मला तर या प्रश्नाची सगळ्यात अवघड गाठ इथेच वाटते. मुद्दाम पक्षपात करणारा मॉडरेटर पकडता येतो. पण ज्याला आपलं सरकार मनापासून चांगलं वाटतं, त्याला त्या सरकारविरुद्धची तक्रार तेवढी तातडीची वाटतच नाही. त्यात बेइमानी नसते. त्याला दिसतंच तसं.

मग त्या दिवशी झालं काय? संविधानाच्या कलम ९६ प्रमाणे, अध्यक्षाला हटवण्याच्या ठरावावर चर्चा चालू असताना त्याला स्वतः खुर्चीत बसता येत नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालवलं. नेहरूंनी मावळणकरांची जोरदार बाजू घेतली, पण आपल्या खासदारांना हेही सांगितलं की हा पक्षाचा विषय नाही, व्हिपचं बंधन नाही. ठराव पडला. पण ज्याच्यावर राग होता, त्याच्याविरुद्ध त्याच्याच सभागृहात उघडपणे बोलता आलं. ती सोय नियमात होती.

तराजू दुकानदाराचा, शिक्का दुसऱ्याचा

आपल्या इतवारीच्या सराफ्यात सोनं तोलणारा माणूस दुकानाचाच असतो. त्याला नफा हवा असतो, हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं. तरी रोज लाखोंचा व्यवहार होतो. का? कारण तराजूवर वजनमापं खात्याचा शिक्का असतो, आकडा गिऱ्हाइकासमोर दिसतो आणि शंका आली तर शेजारच्या दुकानात पुन्हा तोलून घेता येतं. दुकानदाराला नफा नको असावा, अशी अट कोणी घालत नाही.

मावळणकरांच्या आयुष्यातून हेच निघतं असं मला वाटतं. ते निःपक्ष होते काय? पूर्ण नाही, कोणीच नसतो. पण त्यांनी स्वतःला बांधणारे नियम केले, आपल्या बाजूच्या माणसाला न आवडणारं सांगितलं आणि स्वतःवरचा आरोप सभागृहाच्या नियमांनी होऊ दिला. या तिन्ही गोष्टी बाहेरच्या माणसाला तपासता येतात. मनात काय आहे ते तपासता येत नाही.

२७ फेब्रुवारी १९५६ ला, पदावर असतानाच, अहमदाबादेत त्यांचं निधन झालं. खुर्चीचा प्रश्न मात्र राहिला. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी अध्यक्ष होताच काँग्रेस सोडली. २००८ मध्ये पक्षाने सांगूनही अध्यक्षपद न सोडल्याबद्दल सोमनाथ चॅटर्जींना त्यांच्या पक्षाने काढून टाकलं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदार अपात्र ठरवायचा अधिकार अध्यक्षाकडे आला. मावळणकरांच्या हाती असं काही नव्हतं. या अधिकाराचं वजन किती, ते अख्ख्या महाराष्ट्राने जानेवारी २०२४ मध्ये पाहिलं. तो निकाल कुणाला बरोबर वाटला, कुणाला चूक. पण जिथे चुकीची किंमत मोठी, तिथे शिक्काही तेवढाच कडक लागतो, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नाही.

तर पुढच्या डिबेटला बिनमताचा मॉडरेटर शोधत बसू नका. मत असलेला, विषय कळणारा घ्या. पण आधी त्याला त्याची बाजू सगळ्यांसमोर सांगायला लावा. वेळ घड्याळावर मोजा आणि ते घड्याळ सगळ्यांना दिसेल असं ठेवा. टोकायचे नियम आधी लिहून दोन्ही टीमला द्या. हरकत घ्यायची असेल तर ती ऐकणारा माणूस दुसराच ठेवा. आणि डिसेंबरात सिव्हिल लाईन्सला हिवाळी अधिवेशन भरलं की पास काढून एकदा गॅलरीत बसून या. बोलणाऱ्या आमदारांकडे सगळेच बघतात. तुम्ही तासभर फक्त अध्यक्षांकडे बघा, आणि त्यांनी कुणाला किती वेळा थांबवलं ते वहीत लिहा.