ज्यांनी टर्बो शोधला, त्यांनाही जमणारा टर्बो सापडायला २० वर्षं लागली

डिझेल पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. गाडी भरलेली आहे, समोर घाट आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय आणि तरी गाडी ओढत नाही. मग गॅरेजवर कुणीतरी सांगतं, कंपनीचा टर्बो काढून मोठा टाक, गाडी उडेल.

अमेरिकेत तर या एका सल्ल्यावर अख्खा बाजार उभा आहे. तिथे १९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन आलं. १९९४ मध्ये फोर्डचं पॉवर स्ट्रोक आणि २००१ मध्ये जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स आलं. या गाड्यांचा मूळ टर्बो काढून मोठा बसवणारे हौशी लोक तिथे ढिगाने सापडतात.

पण मोठा म्हणजे नेमका किती मोठा? आणि तो बसवला की ताकद वाढतेच का?

याचं उत्तर शोधायचं तर टर्बोच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं. कारण जगातला पहिला टर्बो ज्यांनी कागदावर काढला, त्यांची पुढची वीस वर्षं याच प्रश्नाशी झगडण्यात गेली. त्यांचं नाव आल्फ्रेड ब्यूखी.

ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. विंटरथूर म्हणजे कारखान्यांचं गाव. आपल्याकडे इचलकरंजीत ज्या सुल्झर मागांचं नाव घेतलं जातं, ती सुल्झर कंपनी याच गावची. आल्फ्रेडचे वडील सुल्झरमध्येच मोठ्या पदावर होते. त्यामुळे यंत्रांच्या गप्पा घरातच चालायच्या.

गंमत बघा, आल्फ्रेडचा जन्म झाला त्याच १८७९ मध्ये एक तरुण विद्यार्थी विंटरथूरच्या सुल्झरमध्ये काम शिकायला आला होता. टायफॉइडमुळे त्याची म्युनिकमधली परीक्षा हुकली होती, म्हणून मधला वेळ तो कारखान्यात घालवत होता. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. पुढे एकाने इंजिन दिलं आणि दुसऱ्याने त्या इंजिनाला श्वास दिला.

आल्फ्रेड झुरिकच्या नामांकित तंत्रविद्यापीठात शिकले आणि १९०३ मध्ये इंजिनिअर झाले. त्यानंतर त्यांनी बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये काम केलं. या काळात एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली होती, ती म्हणजे इंजिनातून वाया जाणारी उष्णता.

हे जरा समजून घेऊ. इंजिनात जे इंधन जळतं, त्याची सगळी ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गरम धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जाते. तुम्ही पैसे मोजून टाकी भरता आणि त्यातला मोठा वाटा हवेत सोडता.

ब्यूखी यांची कल्पना अशी होती की, त्या धुराच्या रस्त्यात एक पंख्याचं चाक ठेवायचं. धूर त्याला फिरवेल. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असेल, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबेल. जास्त हवा आत गेली की जास्त इंधन नीट जाळता येईल आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद मिळेल.

१६ नोव्हेंबर १९०५ ही त्यांच्या जर्मन पेटंटची तारीख. तेव्हा ब्यूखी २६ वर्षांचे होते. टर्बोचा जन्म म्हणून आज हीच तारीख सांगितली जाते.

एवढी भारी कल्पना, मग ती लगेच चालली असेल? नाही.

१९०९ च्या सुमारास ब्यूखी सुल्झरमध्ये डिझेल इंजिनांच्या संशोधनाचं काम बघू लागले. १९११ पासून त्यांनी प्रत्यक्ष प्रयोग सुरू केले. १९१५ मध्ये टर्बो लावलेलं पहिलं नमुना इंजिन उभं राहिलं. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाचं इंजिन धापा टाकतं, त्यावर हा इलाज करायचा होता. पण हवेचा दाब टिकून राहीना. त्यांनी बाडेनच्या ब्राउन बोव्हेरी या टर्बाइन बनवणाऱ्या कंपनीकडे मदत मागितली, पण कंपनीने तेव्हा रस दाखवला नाही.

अडचण नेमकी कुठे होती, हेच आजच्या पिकअपवाल्यांनी समजून घ्यायला हवं.

धुराच्या वाटेत चाक ठेवलं की धुराला अडथळा होतो. सिलिंडरच्या बाहेर दाब वाढतो. हा बाहेरचा दाब आत येणाऱ्या हवेच्या दाबापेक्षा जास्त झाला, तर जळालेला धूर पूर्ण बाहेर पडतच नाही. तो आतच रेंगाळतो, ताज्या हवेची जागा खातो आणि इंजिन तापतं. म्हणजे टर्बो हवा कोंबतोय आणि त्याच टर्बोमुळे इंजिनाचा श्वासही कोंडतोय. शिवाय त्या काळातले धातू एवढी उष्णता फार काळ सोसत नव्हते आणि हवा दाबणारी चाकंही आजच्या इतकी कार्यक्षम नव्हती.

दरम्यान पहिल्या महायुद्धात इतरही या वाटेवर आले होते. फ्रान्समध्ये ऑगस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनांवर टर्बो लावून पाहिले. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये टर्बो लावलेलं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेऊन तपासलं. कल्पना बरोबर होती, हे आता दिसत होतं. पण रोज तासन्‌तास चालणाऱ्या डिझेल इंजिनाचं कोडं सुटायचं बाकी होतं.

१९२० चं दशक उजाडलं आणि चक्रं फिरली. आधी नकार देणारी ब्राउन बोव्हेरी आता तयार झाली. जून १९२४ मध्ये तिच्या बाडेनच्या कारखान्यातून मोठ्या डिझेल इंजिनासाठीचा पहिला टर्बो बाहेर पडला. तो गेला विंटरथूरच्याच एसएलएम या इंजिन कारखान्याच्या चाचणीसाठी. हे नाव आपल्यालाही परकं नाही. भोर घाटात मालगाड्या ओढणारी, रेल्वेवाले ज्याला खेकडा म्हणायचे, त्या विजेच्या इंजिनांपैकी पहिली दहा पुढे याच एसएलएमने बनवून पाठवली.

मग आला १९२५ चा शोध. ब्यूखी यांचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते यामुळे. त्यांनी सगळ्या सिलिंडरचा धूर एका नळीत जमा करणं सोडलं. त्याऐवजी त्यांनी सिलिंडरचे गट पाडले आणि प्रत्येक गटाची नळी वेगळी टर्बोपर्यंत नेली. समजा सहा सिलिंडर आहेत. पहिल्या तिघांची एक नळी, पुढच्या तिघांची दुसरी. त्यामुळे एका सिलिंडरचा धुराचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही. प्रत्येक झोत थेट चाकावर आदळतो. दोन झोतांच्या मधे त्या नळीतला दाब खाली येतो. नेमक्या त्याच क्षणी आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवायचे. मग ताजी हवा सिलिंडर धुऊन काढते आणि उरलेला धूर हाकलून देते.

टर्बो आणि इंजिन यांची वेळ जुळली आणि वीस वर्षं अडलेलं गाडं सुटलं.

परिणाम समुद्रावर दिसला. प्रॉयसन आणि हान्झेश्टाट डान्झिग या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना टर्बो लावले गेले. १,७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २,५०० हॉर्सपॉवर द्यायला लागलं. म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त वाढ. १९२६ मध्ये ब्यूखी, ब्राउन बोव्हेरी आणि एसएलएम यांनी मिळून ब्यूखी सिंडिकेट स्थापन केलं. टर्बो ब्राउन बोव्हेरी बनवणार, चाचणीसाठी इंजिन एसएलएम देणार आणि कोणत्या इंजिनाला कसला टर्बो जुळेल हे ब्यूखी बघणार, अशी कामाची वाटणी होती.

पण ट्रकवर टर्बो यायला आणखी बारा वर्षं लागली. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने टर्बो लावलेलं पहिलं ट्रक इंजिन बनवलं. एवढा उशीर का झाला असेल, याचा अंदाज कामाच्या फरकावरून येतो. जहाजाचं इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालतं. ट्रकचं तसं नसतं. सिग्नल, चढ, उतार, गिअर, पुन्हा चढ. धुराचा झोत सतत कमीजास्त होतो. एका वेगाला जुळणारा टर्बो दुसऱ्या वेगाला जुळेलच असं नाही.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरमध्येच, वयाच्या ८० व्या वर्षी ब्यूखी वारले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये अमेरिकेत टर्बोवाल्या पहिल्या प्रवासी कार बाजारात आल्या. टर्बो डिझेल कार तर १९७८ मध्ये मर्सिडीजने आणली. आज टर्बो नसलेली डिझेल पिकअप शोधावी लागते, पण हे दिवस बघायला ब्यूखी नव्हते.

आता परत आपल्या गॅरेजवर येऊ.

ब्यूखी यांच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. टर्बो आकाराने मोठा असून चालत नाही, तो इंजिनाला जुळावा लागतो. साधा हिशोब करू. २.५ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन ३,००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ३,७५० लिटर हवा ओढतं. १,५०० आरपीएमला याच्या निम्मी. टर्बोने दाब दुप्पट केला तरी त्या दाबाने आत जाणाऱ्या हवेला मर्यादा आहेच. याच्यापेक्षा कितीतरी जास्त हवेसाठी बनवलेला टर्बो आणला, तर त्याचं जड चाक फिरवायला खालच्या आरपीएमला पुरेसा धूरच नसतो.

मग काय होतं? तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, डिझेल आत जातं, पण हवा उशिरा येते. मागे काळा धूर निघतो आणि गाडी थोडा वेळ मेल्यासारखी होते. घाटात भरलेल्या गाडीला ताकद हवी असते ती नेमकी याच खालच्या आरपीएमला. मोठा टर्बो जागा होईपर्यंत चढ संपलेला असतो. शिवाय हवा कमी आणि दाब जास्त अशा जागी मोठा टर्बो अडकला, तर हवा उलटी फिरायला बघते, फडफड आवाज येतो आणि बेअरिंगची वाट लागते. लहान टर्बोचं चाकच मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, त्यामुळे तिथे चुकीला फार जागा नसते.

उलट बाजूही खरी आहे. फार लहान टर्बो वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडतो, अगदी ब्यूखी यांच्या पहिल्या प्रयोगांसारखा. म्हणून ज्याची गाडी शर्यतीत किंवा सतत वरच्या आरपीएमला पळते, त्याला मोठा टर्बो उपयोगी पडू शकतो. माल वाहणाऱ्याला मूळ टर्बोपेक्षा किंचितच मोठा, लवकर दाब देणारा टर्बो परवडतो. सहा सिलिंडरच्या अनेक डिझेल इंजिनांच्या टर्बोत आजही धुरासाठी दोन वेगळे खण असतात. तो ब्यूखी यांच्या १९२५ च्या कल्पनेचाच वारसा आहे. असा टर्बो बदलताना एकाच खणाचा स्वस्त टर्बो घेतला, तर तो फायदा हातचा जातो.

आणखी एक. नुसता टर्बो बदलून ताकद वाढत नाही, कारण ताकद इंधन देतं. जास्त हवेबरोबर जास्त डिझेल द्यायचं तर इंजेक्टर आणि ट्यूनिंग आलं. मग धुराचं तापमान, हेड गॅस्केट आणि क्लच यांच्यावरचा ताणही आला. आपल्याकडे तर कायदाही बघावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं. त्यात कंपनीची वॉरंटीही जाऊ शकते.

त्यामुळे गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर, इंटरकूलर आणि त्याचे होस तपासून घ्या. बारीकशी चीरही टर्बोचा दाब घालवते. ते सगळं ठीक असेल आणि तरीही टर्बो बदलायचाच असेल, तर विकणाऱ्याला एकच विचारा. माझ्या इंजिनाला, माझ्या वजनाला, मी ज्या आरपीएमला गाडी चालवतो तिथे हा टर्बो किती दाब देतो? याचं आकड्यात उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.