फ्रेड अर्कर्ट : फुलपाखरांचा माग

ऋतू बदलला की पक्षी दूरदेशी जातात, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाचे फुलपाखरू हजारो किलोमीटर उडत जाते, हे कोणी सांगितले तर सहजासहजी विश्वास बसत नाही. उत्तर अमेरिकेतील ‘मोनार्क’ या फुलपाखराचा असा प्रवास पुराव्यानिशी जगापुढे मांडण्यासाठी फ्रेड अर्कर्ट या शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे वेचली.

फ्रेडरिक अल्बर्ट अर्कर्ट यांचा जन्म १९११ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे झाला. कीटकांचे वेड त्यांना लहानपणापासूनच होते. उन्हाळ्यात कुरणांवर केशरी पंखांची, काळ्या रेषांची मोनार्क फुलपाखरे भिरभिरताना दिसत. आपल्याकडील रुईच्या कुळातील, दुधासारखा चीक असलेल्या झाडांवर ती अंडी घालतात. थंडीची चाहूल लागताच मात्र ती एकाएकी दिसेनाशी होत. कॅनडाचा गोठवणारा हिवाळा त्यांना सोसणे शक्य नव्हते. मग ती जात तरी कोठे? बालवयात पडलेल्या या प्रश्नाने अर्कर्ट यांची पुढे कधी पाठ सोडली नाही.

टोरांटो विद्यापीठातून उच्च शिक्षण घेऊन त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवामानतज्ज्ञ म्हणून काम केले. पुढे ते टोरांटो येथील रॉयल ऑन्टॅरिओ संग्रहालयात कीटकांचे अभ्यासक आणि त्यानंतर विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४५ मध्ये त्यांचा नोरा यांच्याशी विवाह झाला. नोरा या त्यांच्या केवळ सहचारिणी नव्हत्या, तर संशोधनातील बरोबरीच्या भागीदार होत्या. पत्रव्यवहार, नोंदी आणि लेखन यांचा मोठा भार त्यांनी अखेरपर्यंत वाहिला.

फुलपाखराचा माग काढायचा, तर त्याच्यावर काही खूण हवी. पक्ष्यांच्या पायात कडे घालता येते. फुलपाखराच्या पंखावर काय लावणार? अर्कर्ट यांनी प्रथम टपाल तिकिटासारख्या, ओल्या करून चिकटवायच्या चिठ्ठ्या वापरल्या. पावसाने त्या गळून पडल्या. अनेक प्रयोगांनंतर दुकानातील वस्तूंवर किंमत लिहिण्यासाठी वापरतात, तशा दाबून चिकटणाऱ्या इवल्याशा चिठ्ठ्या उपयोगी पडल्या. पुढच्या पंखाच्या कडेवरील खवले हलकेच पुसून तेथे चिठ्ठी लावली, की फुलपाखराला उडताना अडथळा होत नसे. चिठ्ठीवर क्रमांक असे आणि सापडल्यास टोरांटो विद्यापीठाकडे पाठवावे, अशी विनंतीही असे.

साधन मिळाले, पण एवढ्या विशाल खंडावर दोन माणसे किती फुलपाखरे पकडणार? १९५२ मध्ये नियतकालिकातील एका लेखाद्वारे त्यांनी सर्वसामान्य वाचकांना मदतीचे आवाहन केले. पहिल्या वर्षी केवळ बारा जण पुढे आले. तरीही अर्कर्ट दांपत्य निराश झाले नाही. १९७१ पर्यंत ही संख्या सुमारे सहाशेवर गेली. कॅनडा आणि अमेरिकेतील असंख्य घरांच्या अंगणांत आणि शेतांच्या बांधांवर फुलपाखरे पकडून, चिठ्ठी लावून पुन्हा मोकळी सोडली जाऊ लागली. त्यांपैकी फारच थोडी पुन्हा कोणाच्या हाती लागत. पण जी लागत, त्यांची ठिकाणे नकाशावर मांडली असता ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणारी एक दिशा हळूहळू स्पष्ट होऊ लागली. ती टेक्सासच्या पलीकडे, मेक्सिकोकडे बोट दाखवीत होती.

तेथे मात्र नकाशा मुका झाला. १९७२ मध्ये नोरा यांनी मेक्सिकोतील वृत्तपत्रांना पत्रे लिहून मदतनीस हवे असल्याचे कळविले. ते वाचून मेक्सिको शहरात काम करणाऱ्या केन ब्रगर या अमेरिकन गृहस्थांनी पुढील वर्षी प्रतिसाद दिला. त्यांच्यासोबत मिचोआकान प्रांतात जन्मलेल्या कातालिना अग्वादो या तरुणीनेही शोधास आरंभ केला. स्थानिक भाषा आणि माणसे जाणणाऱ्या कातालिना यांची या कामी फार मदत झाली. डोंगरवाटांनी हिंडत, गावकऱ्यांना विचारत ही दोघे पुढे जात राहिली. २ जानेवारी १९७५ रोजी सेरो पेलोन नावाच्या डोंगरावर त्यांना ती जागा सापडली. ओयामेल जातीच्या उंच सूचिपर्णी वृक्षांचे बुंधे आणि फांद्या लक्षावधी फुलपाखरांनी झाकून गेल्या होत्या. काही दिवसांतच ही वार्ता दूरध्वनीवरून टोरांटोला पोहोचली.

पुढील वर्षी, जानेवारी १९७६ मध्ये, अर्कर्ट दांपत्य स्वतः मेक्सिकोला गेले. फ्रेड यांचे वय तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरील विरळ हवेत चढण चढणे या वयात सोपे नव्हते. तरी ते धापा टाकीत चढत राहिले. वर पोहोचल्यावर त्यांना जे दिसले, त्याची कल्पना त्यांनी आयुष्यभर केली होती. थंडीत निश्चल बसलेले थवे वृक्षांवर वाळक्या पानांच्या घोसांसारखे लोंबत होते आणि ऊन पडताच तेच घोस उमलून सारे आकाश केशरी होत होते.

इतक्यात फुलपाखरांच्या भाराने एक फांदी कडाडून मोडली आणि शेकडो फुलपाखरे जमिनीवर विखुरली. त्यांत अर्कर्ट यांना पंखावर पांढरी चिठ्ठी असलेले एक फुलपाखरू दिसले. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका शिक्षकाने आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी ऑगस्ट १९७५ मध्ये ती चिठ्ठी लावलेली होती. अडीच हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापून ते येथे आले होते. उत्तरेतील फुलपाखरे हिवाळ्यात याच डोंगरांवर येतात, याचा तो निर्विवाद पुरावा होता.

हा प्रवास अधिक नवलाचा ठरतो तो आणखी एका कारणाने. उन्हाळ्यात जन्मणारी मोनार्क फुलपाखरे काही आठवडेच जगतात. शरद ऋतूत दक्षिणेकडे निघणारी पिढी मात्र आठ महिन्यांपर्यंत जगते. वसंतात ती उत्तरेकडे परतू लागते आणि वाटेत अंडी घालून मरून जाते. तिच्या पुढच्या पिढ्या टप्प्याटप्प्याने कॅनडापर्यंत पोहोचतात. म्हणजे दरवर्षी मेक्सिकोत येणाऱ्या फुलपाखरांनी ते डोंगर पूर्वी कधीच पाहिलेले नसतात आणि वाट दाखविणारे वडीलधारेही हयात नसतात.

ऑगस्ट १९७६ मध्ये अर्कर्ट यांचा लेख ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाला आणि जग थक्क झाले. तथापि, या शोधाला दुसरी बाजूही आहे. मिचोआकानच्या डोंगरांतील लोक ही फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. आपल्याकडे पितृपक्षात पूर्वजांचे स्मरण करतात, तसा तेथे नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणाचा सण असतो. त्याच सुमारास येणारी फुलपाखरे म्हणजे घरी परतणारे पूर्वजांचे आत्मे, अशी त्यांची श्रद्धा आहे. ती कोठून येतात हे गावकऱ्यांना ठाऊक नव्हते. कोठे जातात हे उत्तरेकडील लोकांना ठाऊक नव्हते. अर्कर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन अर्धवट ज्ञानांना जोडले. शोधाचे खरे मोल त्यातच आहे.

फुलपाखरांना उपद्रव होऊ नये म्हणून अर्कर्ट यांनी त्या जागेचा नेमका पत्ता गुप्त ठेवला. इतर काही शास्त्रज्ञांना हे रुचले नाही आणि त्यावरून मतभेदही झाले. पण खरा धोका तेथील वृक्षतोडीचा होता. मेक्सिको सरकारने १९८० मध्ये या स्थलांतराला प्रथम संरक्षण दिले आणि १९८६ मध्ये काही वनक्षेत्रे राखीव केली. २००८ मध्ये युनेस्कोने हे अभयारण्य जागतिक वारसा म्हणून घोषित केले. तरीही चिंता मिटलेली नाही. येथे फुलपाखरे मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेले वनक्षेत्र मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरवर आले. त्यानंतर हा आकडा कमी-अधिक होत राहिला, परंतु पूर्वीचा विस्तार पुन्हा दिसला नाही. वृक्षतोड, बदलते हवामान आणि शेतांतील तणनाशकांमुळे नष्ट होणारी चिकाची झाडे ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात.

१९९८ मध्ये फ्रेड आणि नोरा या दोघांनाही ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान देण्यात आला. २००२ मध्ये फ्रेड यांचे आणि २००९ मध्ये नोरा यांचे निधन झाले. पंखांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम आजही उत्तर अमेरिकेत चालू आहे. त्यात शास्त्रज्ञांबरोबर शाळकरी मुले, शेतकरी आणि निवृत्त माणसेही भाग घेतात. ज्या दिवशी ही फुलपाखरे मेक्सिकोच्या डोंगरांवर उतरणार नाहीत, त्या दिवशी त्यांच्या वाटेचे ज्ञान केवळ पुस्तकांत उरेल. तो दिवस येऊ न देणे, हे अर्कर्ट यांनी मागे ठेवलेले अपुरे काम आहे.