सुभेदार रामजींचे पुत्र

डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर हे नाव आपल्या सातारा-सांगलीकडील प्रत्येक वाडीवस्तीस ठाऊक आहे. विश्रामबागेत शिकणारे मूलही सांगेल की भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. परंतु त्या नावाच्या मधोमध जे एक नाव उभे आहे, त्या मनुष्याविषयी फार थोडे बोलले जाते. म्हणून आज पुत्राचे चरित्र बापाच्या अंगाने पाहू.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे मूळचे कोकणातील आंबडवे गावचे. ते पलटणीच्या शाळेत शिक्षक व पुढे मुख्याध्यापक होते, आणि सुभेदाराच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. घराणे कबीरपंथी असल्यामुळे घरात मद्यमांसास थारा नसे, व मुलांस नित्य भजनास बसावे लागे. पेन्शन घेतल्यावर रामजी काही काळ दापोलीस राहिले व मग साताऱ्यास आले. तेथेच १८९६ साली भीमरावांच्या मातोश्री भीमाबाई वारल्या. पोरक्या मुलांस आत्या मीराबाईंनी सांभाळले.

ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांस निराळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने नळ सोडल्यावाचून पाण्याचा थेंब मिळत नसे. वडील तर पुढे नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात गोरेगावी असत. तेथे दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता व त्या कामाची रोकड त्यांच्या हाती होती.

ह्या साताऱ्याच्या दिवसांतच बापलेकांत दुरावा उत्पन्न झाला. रामजींनी दुसरा विवाह केला. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून मुलाचे मन दुखावले. बापाच्या अन्नावर राहावयाचे नाही, मुंबईस पळून जाऊन गिरणीत काम करावयाचे, असे त्याने ठरविले. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याच्या कमरेचा बटवा चोरावयाचा बेत केला. कित्येक रात्रींच्या खटपटीनंतर बटवा हाती आला. उघडून पाहतो तो आत अवघा अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने त्यास लाजविले. मग त्याने दुसराच निश्चय केला: मन लावून अभ्यास करावयाचा, म्हणजे लवकर आपल्या पायांवर उभे राहून बापापासून मोकळे होता येईल.

बापाने ह्या रागाचे उत्तर शब्दांनी दिले नाही. पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या एका चाळीत एकाच खोलीत राहावयास गेले. खोली लहान, सामान व माणसे पुष्कळ. रामजी मुलास लवकर निजवीत व स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. मग मुलास उठवून अभ्यासास बसवीत आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागी आपण निजत. पुस्तकास पैसे नसले तर हा जुना सुभेदार लग्न झालेल्या मुलींच्या दारी जाई. एकीकडे उसने न मिळाल्यास दुसरीचा दागिना मागून गहाण ठेवी, व पेन्शन हाती येताच तो सोडवून परत करी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि १९१२ साली बी. ए. झाले.

१९१३ च्या आरंभी ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परत येताना सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते उतरले, तोच गाडी सुटली. मुंबई गाठावयास दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांची नजर पुत्राला शोधीत होती. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला, आणि ता. २ फेब्रुवारी रोजी प्राण सोडला.

त्याच वर्षी भीमराव अमेरिकेस, व पुढे लंडनला शिकावयास गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी आपल्या मातापित्यांस कृतज्ञतेने अर्पण केला. कारण आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसले ते ते विसरले नव्हते. बापापासून सुटण्यासाठी ज्या मुलाने पुस्तक हाती धरिले, त्याने आपले पुस्तक बापाच्याच नावे ठेविले. ता. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉक्टर आंबेडकर दिल्ली येथे निवर्तले.

वाचकहो, आपल्या घरी पुस्तके नसतील, जागा एकाच खोलीची असेल, मुलगा रुसलेलाही असेल. तरी बापाने आपल्या झोपेतून काढून दिलेले दोन तास मुलाच्या पदरी पडतातच. त्यांचा हिशेब तो मागाहून करतो. आणि ज्यांचे वडील आज हयात आहेत, त्यांनी तो हिशेब मिठाईच्या खोळंब्यावर टाकू नये. आजच घरी जाऊन त्यांच्याजवळ बसावे.