न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे : चाकरीतील सचोटीचा आदर्श

चाकरी करणाऱ्या मनुष्याची निष्ठा धन्यापाशी असावी की कामापाशी, हा प्रश्न पगार घेणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात एकदा तरी उभा राहतो. आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आज जिल्हा परिषदेत, शाळांत, बँकांत व परगावच्या कारखान्यांत नोकरीस आहेत. त्यांच्या व त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या चिंतनासाठी रामशास्त्री प्रभुणे यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सादर करीत आहोत.

कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर वसलेले साताऱ्याजवळचे माहुली हे शास्त्रीबोवांचे गाव. बालवयात त्यांचे विद्येकडे लक्ष नव्हते. साताऱ्यास एका सावकाराच्या घरी ते पडेल ते काम करीत. सावकाराच्या कानातील मोत्यांच्या भिकबाळीकडे हा पोर टक लावून पाहत राहिला, हातातील कामाचे भान सुटले, आणि त्यावरून मिळालेला टोमणा त्याच्या जिव्हारी लागला, अशी आख्यायिका आहे. पुढे त्यांनी काशी गाठली. ज्या वयात इतरांचे अध्ययन संपते त्या वयात यांनी आरंभ केला आणि बाळंभट्ट पायगुंडे यांच्यापाशी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. 1751 मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून रुजू झाले व 1759 मध्ये न्यायाधीशपदी चढले.

याच सुमारास आपल्या जिल्ह्याच्या भूमीवर इतिहास घडला. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे गोदातीरी 10 ऑगस्ट 1763 रोजी मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा मोड केला आणि तरुण माधवराव पेशव्यांचे तेज सर्वांच्या दृष्टीस पडले. राक्षसभुवनचा तो विजयी वीर ज्याच्यापुढे मान लववीत असे, तो पुरुष म्हणजे रामशास्त्री.

माधवरावांना जपतपाची फार ओढ होती. एकदा शास्त्रीबोवा राजकार्यासाठी भेटीस गेले असता श्रीमंत मौन धरून जपास बसलेले आढळले. शास्त्रीबोवा मुकाट्याने परतले. त्यांनी बाहेर कोणापाशी कुरकुर केली नाही की कागाळी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी धन्याकडेच जाऊन काशीस जाण्याची रजा मागितली. ब्राह्मणाने राज्य पत्करले की प्रजापालन हेच त्याचे अनुष्ठान. ते साधत नसेल तर गादी सोडून उभयतांनी गंगातीरी जाऊन बसावे, असे त्यांनी समजावले. माधवरावांनी दोष मान्य करून आपला क्रम बदलला. धन्याची चूक त्याच्या तोंडावर, मर्यादा राखून आणि स्वतःच्या पदाचा मोह न ठेवता सांगणे ही खरी सेवा होय.

आप्तांच्या बाबतीतही त्यांचा काटा ढळत नसे. श्रावणमासाच्या दक्षिणेसाठी त्यांचे बंधू आले असता, शास्त्रीबोवांच्या नात्यामुळे त्यांना अधिक द्रव्य द्यावे असे नाना फडणीसांनी सुचविले. विद्वत्तेच्या मानाने इतरांना मिळते तेवढेच यांना मिळावे, बंधुप्रेमापोटी द्यायचे ते आपण घरातून देऊ, असा शास्त्रीबोवांचा निर्णय झाल्याचे सांगतात.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. सत्ता चुलते रघुनाथरावांच्या हाती आली. आता तेच धनी, आणि संशयही त्यांच्यावरच. शास्त्रीबोवांनी चौकशी केली, दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि या पापास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही असा निर्णय दिला. नंतर त्यांनी पद टाकले, पुणे सोडले आणि वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले. पुढे बारभाईंच्या कारभारात त्यांना सन्मानाने परत आणले गेले. 1789 मध्ये त्यांचे देहावसान झाले.

मिठाला जागणे हा आपल्याकडे मोठा गुण मानतात, आणि तो आहेच. परंतु धन्याच्या अपराधावर पांघरूण घालणे म्हणजे मिठाला जागणे नव्हे. शास्त्रीबोवा ज्या मिठाला जागले ते न्यायासनाचे होते.

हे धैर्य त्यांच्या अंगी कोठून आले? त्यांच्या घरात एका दिवसाला पुरेल एवढाच शिधा असे, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. ज्याच्या गरजा थोड्या त्याला पद सोडता येते. ज्याचे घर पगाराच्या पलीकडे पसरले त्याला धन्याच्या मर्जीबाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हणून कचेरीतील सचोटीचा पाया घरात घातला जातो, असे आमचे मत आहे.

यास्तव आम्ही तरुणांइतकेच त्यांच्या माता-पित्यांना, सासू-सासऱ्यांना विनवितो. विवाहाच्या बोलणीत मुलाचा पगार विचारल्यावर दबक्या स्वरात वरची प्राप्ती विचारण्याची चाल आपल्यातही शिरली आहे. ज्या घटकेस आपण तो प्रश्न विचारतो, त्याच घटकेस त्या मुलाला लाच घेण्याची परवानगी देतो. उद्या तो पकडला गेला तर दोष केवळ त्याचा कसा? वर्गात आम्ही पुष्कळ वर्षे मुलांना प्रामाणिकपणाचे धडे दिले. परंतु घरची शिकवण विरुद्ध असेल तर शाळेचा धडा टिकत नाही. वेळेवर कामावर जावे, हाती आलेला कागद अडवून ठेवू नये, दारी आलेल्या शेतकऱ्यास हेलपाटे घालावयास लावू नयेत, नात्याचा व ज्ञातीचा मनुष्य आला तरी रांग मोडू नये आणि वरिष्ठ चुकत असता नम्रपणे पण स्पष्ट बोलावे. एवढे ज्याने पाळले त्याने रामशास्त्र्यांचे स्मरण केले असे आम्ही समजू.